पाणीपाळीची खबर: फोन करावा की मेसेज? (प्रकल्प नोंदी, रब्बी २०२४-२५)

११ नोव्हेंबर २०२४

पाणीवापर संस्थेच्या कार्यकारिणीने आज पाळीची खबर कशी द्यायची ते ठरवायचं काम माझ्या अंगावर टाकलं. कारण एवढंच की गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, म्हणजे मला मोबाइलमधलं सगळं कळतं असा समज.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. आमची पाणीवापर संस्था नेवासे तालुक्यात, कालव्याच्या शेपटाकडे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानुसार पाटबंधारे खात्याने मायनरच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) तोंडाशी पाणी मोजून द्यायचं, पुढचं वाटप संस्थेने करायचं. वाटप शेजपाळीने, म्हणजे एकामागून एक, टेलकडून (शेवटाकडून) हेडकडे (तोंडाकडे). क्रम ठरलेला असतो, घटका ठरलेली नसते. आधीच्याचा गहू लवकर भिजला तर पुढच्याची वेळ अलीकडे येते, मध्येच चारी (रानापर्यंतचा पाट) फुटली तर चार तास पुढे जाते. यादी भिंतीवर लावली तरी ती अंदाजच. त्यामुळे सगळा खेळ खबरीवर.

गेल्या उन्हाळी आवर्तनात (कालव्याला पाणी सुटतं त्या फेऱ्यात) टेलच्या दोघांची पाळी रात्री आली आणि निघून गेली. दारं धरायला (रानात पाणी वळवायला) कुणीच नव्हतं, पाणी ओढ्याला गेलं. सचिवांनी आज सगळ्यांना मोबाइल दाखवला: व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकलेला, खाली दोन निळ्या खुणा. ते दोघे म्हणाले, फोन का नाही केला? सचिव म्हणाले, फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असता की आलाच नाही, हा बघा पुरावा. यावर चहा दोनदा झाला, निकाल लागला नाही. शेवटी चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बघ बाबा. खबर कशी द्यायची ते एकदा लिहूनच काढ."

कामाची हद्द मीच ठरवून घेतली. फक्त मायनर तीन. ऐंशीच्या आसपास खातेदार, रब्बीची दोन आवर्तनं.

१६ नोव्हेंबर

रजिस्टरमधले नंबर एकेक करून पडताळले. निळ्या खुणांचं कोडं इथेच सुटलं.

नंबर गोळा केले तेव्हा "व्हॉट्सअ‍ॅपवाला नंबर द्या" असं सांगितलेलं. लोकांनी घरातला स्मार्टफोनवाला नंबर दिला, म्हणजे पोराचा. पोरगं चाकणला, रांजणगावला, नाहीतर वाळूजला. टेलकडच्या निम्म्याहून जास्त नंबरांची हीच गत. त्या दोघांपैकी एकाच्या मुलाने मेसेज कंपनीत रात्रपाळीला वाचला आणि सकाळी घरी सांगू म्हणून ठेवून दिला. त्याचं तरी काय चुकलं? मेसेजमध्ये "मायनर ३ चालू, सर्वांनी लक्ष ठेवावे" एवढंच होतं. लक्ष ठेवणारा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

सातबारा आजोबांच्या नावावर, नंबर नातवाचा, आणि रानात जाते ती सून. रजिस्टरला एक नवा रकाना पाडला: "पाण्यावर कोण जातं". दुसरा: "त्याच्याकडे कोणता फोन, साधा की टचचा". हे दोन रकाने भरताना जेवढं कळलं तेवढं आख्ख्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कधी कळलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं. गेले पंधरा दिवस प्रत्येकाच्या फोनवर रेकॉर्ड केलेले आवाज येत होते. उचलला की उमेदवार बोलायला लागतो, आपण काय म्हणतो ते ऐकायला पलीकडे कुणीच नाही. त्यात डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोटे पोलीस बनून फोनवर लुबाडण्याच्या, बातम्या. परिणाम असा की अनोळखी नंबर आता गावात कुणी उचलत नाही. परवा मी नव्या सिमवरून बाराएक जणांना लावून बघितलं, मोजक्यांनीच घेतला. त्यातल्या एका आजींनी "आम्ही मत दिलंय" असं सांगून ठेवून दिला. (मतदान व्हायचं होतं.)

म्हणजे फोन करायचा तर नंबर ओळखीचा हवा. संस्थेचं एकच सिम, आणि ते प्रत्येकाच्या फोनमध्ये "पाणी" या नावाने साठवून द्यायचं. हे काम घरोघरी जाऊनच होणार.

२८ नोव्हेंबर

एकगठ्ठा एसएमएस पाठवण्याची चौकशी केली. बँकांचे येतात तसे, वर संस्थेचं नाव असलेले. त्यासाठी डीएलटीवर (एकगठ्ठा मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेवर) नोंदणी लागते: संस्थेची कागदपत्रं, सहा अक्षरी नाव मंजूर करून घेणं, शिवाय प्रत्येक मजकुराचा साचा आधी मंजूर. साच्यात तारीख-वेळ बदलता येते, बाकी वाक्य तेच. नोंदणीची फी काही हजारांत. ज्या एजंटाकडे चौकशी केली त्याने तीन वेळा तीन वेगळे आकडे सांगितले. येत्या ११ डिसेंबरपासून पाठवणाऱ्यापासून पोचवणाऱ्यापर्यंतची पूर्ण साखळी नोंदवलेली नसेल तर मेसेज अडवणार, असाही ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) नियम आहे. फसवणूक रोखायला हे बरोबरच आहे. पण ऐंशी खातेदारांच्या मायनरला हा सोहळा परवडत नाही. "चारी फुटली, पाणी चार तास उशिरा" हा साचा आधी मंजूर करून ठेवायचा म्हणजे फुटण्याआधी फुटल्याचं लिहायचं.

पर्याय: संस्थेच्या सिमवरूनच साधे एसएमएस. पॅकमध्ये दिवसाला शंभर मिळतात. ऐंशी जण, म्हणजे बसतं. पण एक गोम आहे, ती उद्या-परवा लिहितो.

३ डिसेंबर

गोम अशी. एसएमएस एकशे साठ अक्षरांचा, असं आपण ऐकत आलो. ते इंग्रजीचं. मेसेजला मुळात १४० बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) एवढीच जागा असते. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येकी सोळा बिट लागतात म्हणून ७०. आणि ही सत्तर म्हणजे आपण शाळेत मोजायचो तशी अक्षरं नव्हेत. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. "संस्था" डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, हिशेबात सहा. सत्तरच्या वर एक जरी गेलं की मेसेजचे दोन तुकडे होतात, तेही सदुसष्ट-सदुसष्टचे, आणि शंभराच्या कोट्यातून दोन वजा. म्हणजे लांबलचक लिहिलं तर पन्नास जणांनंतर सिम गप्प.

१६० हा आकडा जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांडने १९८५ मध्ये टाइपरायटरवर सहज सुचतील ती वाक्यं टाइप करून, मोजून काढला म्हणतात. त्याने मराठीत "ग्रामपंचायतीच्या" एवढंच टाइप केलं असतं तरी विचार बदलला असता.

सचिवांचा जुना मजकूर "सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात येते की" असा सुरू व्हायचा. सत्तरीतली बहुतेक जागा इथेच संपते, पाणी अजून आलेलंच नसतं. काटून-छाटून हे उरलं:

"मायनर ३: पाळी ता. ५ सकाळी ६. टेलकडून सुरू. दार स्वतः उघडू नये."

बासष्ट. सचिवांना हे उद्धट वाटलं. "निदान नमस्कार तरी घाल." नमस्कार घातला तर सत्तरच्या आत राहतं, पण काठावर, तारीख दोन आकडी झाली आणि जोडीला "सायंकाळी" आलं की फुटतं. नमस्कार काढला.

दुसरी अडचण: दोन-तीन जणांचे साधे फोन इतके जुने की देवनागरी चौकोन-चौकोन दिसते. रोमनमध्ये मराठी लिहावं तर ज्यांच्याकडे असे फोन आहेत त्यांनाच ते वाचता येत नाही. या दोघा-तिघांना कोतवाल घरी जाऊन सांगणार.

आज लिहिताना लक्षात आलं: जगातला पहिला एसएमएस याच तारखेला गेला, ३ डिसेंबर १९९२. नील पॅपवर्थ या इंग्लंडमधल्या अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विसला "मेरी ख्रिसमस" पाठवलं. जार्विसच्या फोनवरून उत्तर लिहिण्याची सोयच नव्हती. म्हणजे आमच्या ओढ्याला गेलेल्या पाण्याचा रोग तेव्हापासूनचा.

५ डिसेंबर

आवर्तन सुरू. एसएमएस गेले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तोच मजकूर. ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन" केला, नाहीतर पाळीच्या मेसेजवर दहा मिनिटांत वाढदिवसाचे केक येऊन बसतात. लगेच दोघे रुसले.

८ डिसेंबर, पहाटे

रात्रभर टेलला होतो. हे सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण दुकानात बसून जे कळलं नसतं ते इथे कळलं.

टेलला डेटा जवळपास नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज एका खुणेवर अडकून राहतो. पुलावर चढलं की एक-दोन काड्या येतात. एसएमएस मात्र उशिरा का होईना येतो, कारण तो इंटरनेटने जात नाही, नेटवर्कच्या स्वतःच्या वाटेने जातो, आणि फोन रेंजमध्ये नसेल तर कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो. नानांना दहाचा मेसेज पावणेबाराला आला. आला हे खरं. पण नानांना तो दिसला कधी?

नाना दारं धरत होते. सत्तरीचे, डोक्याला मफलर, टॉवेल कमरेला, हातात फावडं. हात कोपरापर्यंत चिखलात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात. मेसेजचा ‘टिंग’ पाण्याच्या आवाजात ऐकूच आला नाही. मी म्हटलं, "नाना, मेसेज आलाय बघा." त्यांनी फावडं बांधावर रोवलं, हात चारीत धुतले, टॉवेलला पुसले, पिशवी सोडली, आणि मग आठवलं की चष्मा घरी. मी वाचून दाखवला. नातवाने नवा टचचा फोन दिलाय, तो घरी ठेवून येतात. ओल्या बोटाने तो भलतंच काहीतरी उघडतो. "याला कसं," साधा फोन दाखवत म्हणाले, "हिरवं बटण दाबलं की झालं. अंधारातबी सापडतं."

पुढची पाळी ज्यांची, त्या मावशींना नानांनी माझ्यासमोर फोन लावला. संभाषण जसंच्या तसं:

"झोपली का?"

"नाही, बोला."

"माझ्या चार सऱ्या राहिल्यात. तासभर धर."

"एकटी नाही यायची हो. ते मागं बिबट्या दिसला उसात."

"पोराला घेऊन ये. मी थांबतो तू येईपर्यंत. बॅटरी आण, वळणावर चारी फुटायला झाली, तिथं चार फावडी माती लागंल."

"बरं. निघते."

अर्ध्या मिनिटाच्या आत एवढं झालं. वेळ, तिची अडचण, त्यावर तोड, चारीची खबर आणि शेवटी "निघते". हेच मेसेजवर करायचं तर किती फेऱ्या झाल्या असत्या? आणि "निघते" आल्याशिवाय नाना दार सोडून हलले नसते.

१० डिसेंबर

याच्या उलट बाजू, तीही लिहितो, नाहीतर हे फोनचं गुणगान होईल.

मायनरच्या तोंडाशी फ्ल्यूमवर (पाणी मोजायच्या बांधीव पन्हाळीवर) पट्टी आहे. तिच्यावरचं पाणी किती सेंटिमीटर त्यावरून आम्हाला किती दिलं ते ठरतं, आणि त्यावरच पाणीपट्टी. आजवर पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारे-बघणारे) हे फोनवर सांगायचे, सचिव वहीत लिहायचे. वाऱ्यात "तेवीस"चं "तेहेतीस" व्हायला वेळ लागत नाही, आणि दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे बिलात मोठा फरक. गेल्या वर्षी यावरून खात्याच्या माणसाशी झालेली तणातणी अजून मिटलेली नाही.

आता पाटकरी दिवसातून तीनदा पट्टीचा फोटो पाठवतात. वेळ आपोआप येते. त्यावर वाद घालायला जागाच नाही. हेडला रेंज आहे, दिवसा उजेड आहे, हात कोरडे आहेत. फोन कशाला?

१४ डिसेंबर

आवर्तन संपलं. पाणी ओढ्याला गेलं नाही. मात्र श्रेय एसएमएसला नाही. ज्यांना मी विचारलं त्यांतल्या बऱ्याच जणांना खरी वेळ शेजाऱ्याच्या फोनवरूनच कळली होती. एसएमएसने एवढंच केलं की आवर्तन कोणत्या तारखेला सुरू होतंय हे सगळ्यांना आधी कळलं, मजूर सांगता आले, खत आणून ठेवता आलं. तेही थोडं नाही.

२० डिसेंबर

मिस्ड कॉलची भाषा. ही मला ठाऊकच नव्हती, मायनर तीनच्या मधल्या वस्तीवर सापडली. तिथले लोक एक रिंग देऊन कट करतात: "दार लावतोय, ये." दोन रिंगा: "अजून अर्धा तास." उचलायचा नाही, पैसे लागत नाहीत, घरातली लहान पोरं उठत नाहीत, वाचता येण्याचाही प्रश्न नाही.

याची मुळं पैशात आहेत. १९९५ साली ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावून देशात मोबाइल सुरू झाला, तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, पण लावायचे पैसे राहिलेच. मग लोकांनी न उचललेल्या कॉलमध्ये निरोप कोंबायला सुरुवात केली. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या २०११ च्या आंदोलनाला पाठिंबा कळवायचा तर तोही मिस्ड कॉलने.

आता अडचण अशी की २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं अमर्याद झालं, आणि तरुण पोरांना मिस्ड कॉलमध्ये काही दडलेलं असतं हेच कळेना. त्यांच्या लेखी तो चुकलेला कॉल. ते परत लावतात, "काय हो काका, फोन केलता?" काका चिडतात, कारण निरोप तर मघाशीच पोचवला.

वडिलांचा एसटीडी बूथ याच दुकानात होता. लोक मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचे, म्हणून बोलणं मोजकं आणि आवाज मोठा. मुंबईला सांगायचं ते आळीलाही ऐकू जायचं. पैसे वाचवायला रात्री दर उतरल्यावर रांग लागायची. आज रात्री अकराला कुणाला फोन केला तर आधी "काय झालं?" असं विचारतात.

२७ डिसेंबर

ट्रायने या आठवड्यात नियम काढला: डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक कंपन्यांनी द्यायचा. टेलच्या लोकांना थेट उपयोगाचं. जुलैत दर वाढल्यापासून साध्या फोनवाल्यांनी रिचार्ज पुढे ढकलायला सुरुवात केली आहे, आणि आपला कॉल न लागण्याचं ते एक खरं कारण. पॅक बाजारात किती रुपयांना येतो ते बघायचं.

५ जानेवारी २०२५

दुसऱ्या आवर्तनासाठी व्हॉइस मेसेज करून बघायचं ठरलं. ज्यांच्याकडे टचचा फोन आहे पण वाचायचा कंटाळा, त्यांच्यासाठी. आवाज पाटकरी आण्णांचा. कारण आण्णांचा आवाज सगळे ओळखतात. सचिवांनी सांगितलं तर "संस्था म्हणते", आण्णांनी सांगितलं तर "पाणी आलं".

पहिलं रेकॉर्डिंग पावणेदोन मिनिटांचं झालं. त्यात नमस्कार, हवामान, मागच्या वेळी कुणी दार फोडलं त्याची नाव न घेता खरडपट्टी, मग पाळी. आण्णांना म्हटलं, पाळी आधी सांगा, खरडपट्टी शेवटी. ते म्हणाले, "शेवटपर्यंत कोण ऐकतंय? म्हणून तर आधी." मुद्दा बिनतोड आहे.

१२ जानेवारी

आवर्तन उद्यावर, आणि आज सकाळी आठ-दहा जण चारीवर येऊन उभे. "उद्या सकाळी सहाला पाळी" हा आण्णांचा व्हॉइस मेसेज त्यांना काल रात्री आला होता. आण्णांनी काल काहीच पाठवलेलं नाही. तो ६ तारखेचा चाचणीचा तुकडा, कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर पुढे ढकललेला. आवाज आण्णांचा, बोलणं खरं, फक्त "उद्या" शिळा.

फोनवर "उद्या" म्हटलं तर ते आत्ताच ऐकलं जातं. रेकॉर्ड केलेला "उद्या" फिरत राहतो. खोट्या निरोपांनी केवढा अनर्थ होतो ते २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात दिसलं: मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पाच माणसं ठेचून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन आणलं. त्याच्यासमोर आमची बाब किरकोळ, एक सकाळ वाया गेली. पण नियम झाला: व्हॉइस मेसेजचा पहिला शब्द तारीख, आणि "उद्या", "परवा", "रात्री" हे शब्द बंद.

१९ जानेवारी

दारं धरणाऱ्या बायकांशी बोलायला शाळेच्या ओट्यावर बसलो. नवरे नोकरीला, रान यांच्याकडे. त्यांचं म्हणणं मी धरून चाललेलो त्याच्या नेमकं उलट निघालं: त्यांना मेसेज हवा.

कारण एकीने सांगितलं. रात्री फोन वाजला की घर जागं होतं, सासरे विचारतात कुणाचा, एवढ्या रात्री कशाला. परक्या माणसाने रात्री अकराला बाईला फोन केला हे घरात नीट दिसत नाही, पाण्याचा असला तरी. मेसेज गुपचूप येतो. दुसरी म्हणाली, रात्रीचा फोन म्हणजे आधी छातीत धस्स होतं, कोण गेलं म्हणून. तार यायची तेव्हाही तेच. (तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, ते धस्स मात्र फोनकडे गेलं.)

मग तोडही त्यांनीच काढली. शेजारच्या बाईने बाईला फोन करायचा. आणि "पाणी" नंबराला वेगळी रिंग लावायची, म्हणजे घराला ऐकूनच कळेल. सहावीतल्या एका पोरीने तिथेच सगळ्यांच्या फोनवर ती लावून दिली. साध्या फोनांपैकी काहींवर होतं, काहींवर नाही.

२ फेब्रुवारी

दुसरं आवर्तन संपून काही दिवस झाले. यादीच्या कागदावर या वेळी प्रत्येक नावापुढे एक बाण होता: "तुमचं झालं की यांना फोन करा", आणि पुढच्याचा नंबर. पुढच्याने "निघालो" म्हटल्याशिवाय दार सोडायचं नाही. संस्थेने फोन करायचाच नाही. सचिवांचा जीव भांड्यात पडला.

सोपं वाटतं, पण दोन ठिकाणी साखळी तुटली. एका ठिकाणी दोघा शेजाऱ्यांचं बांधावरून कोर्टात चालू आहे, ते एकमेकांना फोन करणारच नाहीत. तिथे मधे आण्णा. आश्चर्य म्हणजे ते दोघे एकमेकांना मेसेज करायला तयार होते. बोलायचं नाही, पण "झालं" एवढं लिहायला हरकत नाही. कागद मधे असला की माणसं नरमतात की काय कोण जाणे. दुसऱ्या ठिकाणी फोन लागला, रिंगच्या आधी वाजणारी सायबर फसवणुकीची सूचना पूर्ण वाजली, आणि पलीकडची रिंग सुरू होईपर्यंत रेंज गेली. त्या सूचनेचा उद्देश चांगला आहे, पण टेलला रेंज टिकते तेवढा वेळ तीच खाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवणाऱ्यांचा हिशेबही ठेवला. अंगठ्याचा अर्थ तिघांनी तीन सांगितला: वाचलं, येतो, आणि "बरं केलंत". आण्णा म्हणाले, "आमच्या वेळेला सही येत नव्हती म्हणून अंगठा. आता सगळे शिकले, तरी अंगठाच." अंगठ्याला होकार धरायचं नाही असं लिहून ठेवलं.

२३ फेब्रुवारी

आज बैठकीत कागद ठेवला. जे सगळ्यांना सारखं सांगायचं आणि नंतर पुन्हा बघावं लागतं (तारखा, पाणीपट्टी, मागणी अर्ज), ते एसएमएसने, एकाच तुकड्यात. मोजमाप फोटोने. पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती फक्त फोनवर, पाण्यावर जो उभा आहे त्यालाच, आणि तोंडी "निघालो" घेऊन. फोन झाल्यावर पुढच्याच्या नावापुढे वेळ टिपायची, म्हणजे सचिवांना पुरावाही मिळतो.

हेडच्या एका बागायतदारांचा विरोध. ते नगरला राहतात, गडी ठेवलाय. त्यांना फोन नको, मेसेजच हवा. दिवसभर मीटिंगा असतात, कुणी न विचारता फोन करतं हे त्यांना उर्मटपणाचं वाटतं. नाना म्हणाले, "मग गड्याचा नंबर द्या." गडी दर हंगामाला बदलतो. अर्धा तास यावर गेला. शेवटी ठरलं की पाण्यावर जाणाऱ्याचा नंबर आवर्तनाच्या आधी कळवला नाही तर संस्था जबाबदार नाही, मग तो हेडचा असो की टेलचा. मंजूर.

संस्थेच्या सिमचा रिचार्ज किरकोळ खर्चात धरायला चेअरमननी मान्यता दिली. पावती लागेल म्हणाले. रिचार्ज माझ्याच दुकानातून होतो, पावती मीच मला देणार.

उन्हाळी मागणीचा मजकूर तयार: "उन्हाळी पाणी मागणी: नमुना ७ संस्थेत ता. १० पर्यंत भरून द्यावा." एकाच मेसेजमध्ये बसतो. १ मार्चला सकाळी पाठवायचा. त्याआधी रजिस्टरमधले "पाण्यावर कोण जातं" हे रकाने पुन्हा तपासायचे, कारण ऊसतोड संपली की निम्म्या वस्तीवरची माणसं बदलतात.